सिंथेसायझरचा इतिहास एकट्या मूगचा नव्हे

१/ सिंथेसायझरचा इतिहास म्हणजे रॉबर्ट मूग आणि मिनीमूग, एवढ्यावर विषय संपवण्याची प्रथा आता पुरे झाली. लंडनच्या ‘इलेक्ट्रॉनिक म्युझिक स्टुडिओज’ अर्थात ईएमएस या कंपनीला या कथेत तळटीपेपुरतीच जागा मिळते. हा अन्याय आहे.

२/ मूगच्या अवजड संचांचा आरंभ १९६४ चा. ते श्रेय निर्विवाद. परंतु उचलून नेता येईल असा ‘व्हीसीएस ३’ ईएमएसने १९६९ मध्ये आणला, म्हणजे मिनीमूगच्या आधी. किंमत सुमारे ३३० पौंड.

३/ जिथे ईएमएसचा उल्लेख होतो, तिथेही बहुधा पीटर झिनोव्हिएफ यांचेच नाव येते. विद्युतरचना मात्र डेव्हिड कॉकरेल यांची होती आणि पेटीचे रूप संगीतकार ट्रिस्ट्रम केरी यांनी ठरवले होते.

४/ आक्षेप ठरलेला: ‘त्याला पट्ट्या नव्हत्या, तो सुरात राहत नसे.’ दोन्ही गोष्टी खऱ्या. पण हे वाद्य पियानोची जागा घेण्यासाठी नव्हतेच. १६ आडव्या व १६ उभ्या ओळींच्या फलकावर पिना खोचून ध्वनीचा मार्ग आखायचा आणि जॉयस्टिकने त्याला वळवायचे, ही त्याची रीत. धावणाऱ्याला पोहता येत नाही म्हणून हिणवण्यासारखाच हा आक्षेप. पिंक फ्लॉइडचे ‘ऑन द रन’ (१९७३) याच कुळातील ‘सिंथी एकेएस’वर घडले.

५/ दुसरा आक्षेप: ‘धंदा जमला नाही.’ मुळात धंदा हे साध्य कुठे होते? पटनीतील आपल्या स्टुडिओत झिनोव्हिएफ संगणकाकडून संगीत करवून घेत होते. त्या संगणकासाठी पत्नीचा रत्नजडित मुकुट विकला गेला होता. अर्थसाहाय्यासाठी त्यांनी ‘द टाइम्स’मध्ये जाहिरात दिली, तीही व्यर्थ गेली. तेव्हा संशोधनाचा खर्च भागवण्यासाठी वाद्ये विकणे आले.

६/ १९७९ मध्ये कंपनी बुडाली. स्टुडिओची सामग्री नॅशनल थिएटरच्या तळघरात गेली आणि तिथे पाण्याने नासली.

७/ मित्रहो, आता सांगा, अपयश कोणाचे? संशोधनासाठी घरचे दागिने विकणाऱ्याचे, की त्याच्या हाकेला ओ न देणाऱ्या समाजाचे? खपाचे आकडे बाजाराचा इतिहास सांगतात. कल्पनांचा इतिहास त्याच तराजूत तोलणे हा आळस आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला तो शोभत नाही.