वेग प्रोसेसरचा, ताप बोर्डाला

संगणकाचा वेग वाढवायचा, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग करायचे ठरले, की आमच्याकडच्या पोरांचे सगळे बोलणे प्रोसेसरभोवती फिरते. त्याच्यासाठी महागडा कूलर येतो, काचेच्या कॅबिनेटमध्ये रंगीत दिवे लागतात. एवढे करून महिन्याभरात मशीन अडखळू लागले, की दोष प्रोसेसरला, विंडोजला किंवा दुकानदाराला. ज्या मदरबोर्डवर हे सगळे उभे आहे, त्याच्याकडे कोणी पाहतही नाही. माझे मत स्पष्ट आहे. ज्याला बोर्डचे भाग थंड ठेवायचे नाहीत, त्याने वेग वाढवण्याच्या फंदात पडू नये.

थोडे गणित करू. पॉवर सप्लायकडून बोर्डला १२ व्होल्ट मिळतात, प्रोसेसरला लागतात साधारण १.२. हा बदल सॉकेटशेजारी बसलेले व्हीआरएम करते. त्यात मॉसफेट नावाचे चिमुकले स्विच, चोक आणि कपॅसिटर असतात. प्रोसेसर १५० वॅट खात असेल, तर १.२ व्होल्टला हिशेब १२५ अँपिअरचा होतो. घरातल्या गिझरचा जाड सॉकेट १६ अँपिअरचा असतो. त्याच्या जवळजवळ आठपट प्रवाह नखाएवढ्या काही तुकड्यांतून जातो. व्हीआरएमची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तरी १६-१७ वॅट तिथेच उष्णता होऊन उरतात.

आता ४ गिगाहर्ट्झवरून ४.६ वर जायला व्होल्टेज १.२ वरून १.३५ करावे लागले असे समजा. वीज वेगाच्या प्रमाणात वाढतेच, शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढते. म्हणजे वेग वाढला १५ टक्के आणि वीज वाढली सुमारे ४५ टक्के. मॉसफेटच्या रोधामुळे होणारी उष्णता तर प्रवाहाच्या वर्गाने वाढते, ती ६० टक्क्यांच्याही वर जाते. व्हीआरएम फार तापले की बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग खाली आणतो. प्रोसेसर ७० अंशांवर शांत असतो आणि तरीही मशीन मंद होते ते यामुळे.

हे फक्त स्वस्त बोर्डचे दुखणे आहे असेही नाही. २०१७ मध्ये इंटेलचे एक्स२९९ बोर्ड आले, तेव्हा ‘डेरबाउअर’ या नावाने ओळखले जाणारे जर्मन ओव्हरक्लॉकर रोमन हार्टुंग यांनी त्यावर उघड टीका केली. व्हीआरएमवरचे देखणे धातूचे ठोकळे उष्णता बाहेर टाकण्याऐवजी धरून ठेवतात, हे त्यांनी दाखवले. पुढे काही कंपन्यांनी मोठ्या हीटसिंकचे सुधारित बोर्ड आणले. गिऱ्हाईक बोलले की कंपन्या ऐकतात, हा त्यातला धडा. आपण मात्र अजूनही दिवे मोजून बोर्ड निवडतो.

पाण्याच्या कूलरने एक नवाच घोळ होतो. साधा पंख्याचा कूलर प्रोसेसरबरोबर आजूबाजूच्या भागांवरही थोडी हवा सोडतो. पाण्याचा कूलर लावला की पंखे रेडिएटरवर जातात आणि सॉकेटभोवतीची हवा थांबते. प्रोसेसर थंड होतो, शेजारी भाजून निघतो.

त्यात आपले हवामान. हवेने थंड होणारी कोणतीही वस्तू खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. डिसेंबरात २५ अंशांच्या खोलीत ९० अंशांवर असलेले व्हीआरएम मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत १०५ च्या आसपास जाणार. युरोपातल्या थंड खोलीतले आकडे पाहून नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात सेटिंग लावणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा शिवून घेणे. कपॅसिटरचे आयुष्यही उष्णतेवर ठरते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर १० अंशांनी थंड राहिला, तर त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते.

कोणी म्हणेल, आजचे प्रोसेसर स्वतःच वेग वाढवून घेतात, मग ओव्हरक्लॉकिंगची चर्चा कशाला? उलट म्हणूनच ही चर्चा हवी. तो वाढीव वेगही याच व्हीआरएमच्या जिवावर मिळतो. आणि हा पोरखेळही नव्हे. एकाच संगणकावर मुलाचा खेळ, मुलीचा प्रोजेक्ट आणि वडिलांचे लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग चालते अशी घरे आहेत. अस्थिर मशीन नेहमी निळा पडदा दाखवूनच सांगते असे नाही. कधी ते गुपचूप फाइल बिघडवते. तेव्हा जाते ती कोणाची तरी मेहनत.

उपाय महाग नाहीत. बोर्ड घेताना पंख असलेला खरा हीटसिंक पाहा, प्लास्टिकचे झाकण नको. व्हीआरएमच्या दिशेने १२० मिलिमीटरचा एक पंखा लावा, काही वेळा तेवढ्यानेच फरक पडतो. धूळ काढा, गरम हवा मागून बाहेर जाईल असे पाहा. वाळलेला थर्मल पॅड त्याच जाडीचा नवा घालून बदला. चिपसेट आणि एसएसडीवरही हवा पोहोचू द्या. बोर्डला सेन्सर असेल तर एचडब्ल्यूइन्फोमध्ये व्हीआरएमचे तापमान वाचा. आणि शेवटच्या १०० मेगाहर्ट्झचा हट्ट सोडा, कारण सर्वांत जास्त व्होल्टेज तिथेच लागते.

उर्दूत ‘एतिदाल’ असा एक शब्द आहे. अर्थ संयम, समतोल. ओव्हरक्लॉकिंगला तोच हवा. मे महिन्याच्या दुपारी, भर कामात, न अडखळता टिकतो तो वेग आपला. बाकीचा फक्त पडद्यावरचा आकडा.