खिशातला दवाखाना : टक्केवारी उतरली, मग चिठ्ठी जड का?

घरात कुणी आजारी पडले की सरकारी अहवाल कुणी उघडत नाही. आधी खिसा चाचपतो, मग भिशीचे पैसे, मग घरातला दागिना. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमाग कामगाराला तर आजारपणात मजुरीही बुडते. म्हणून कुटुंबाच्या खिशातून उपचारावर किती पैसा जातो, हा आकडा आपण नीट समजून घेतला पाहिजे.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला ६४.२ टक्के भार कुटुंबांवर होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. सुधारणा आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. पण दोन गोष्टी विसरू नयेत. एक, वाटा घटला तरी माणशी रक्कम २,३३६ रुपयांवरून २,६०० रुपयांवर गेली. महागाई धरली तर घट आहे, पण टक्केवारी सांगते तेवढी मोठी नाही. दुसरे, २०२१-२२ चा हा अंदाज मुख्यतः २०१७-१८ च्या घरोघरच्या पाहणीवर उभा आहे. कोरोनात लोकांनी प्रत्यक्ष किती मोजले, ते त्यात पुरते उतरलेले नाही.

आता बाहेर पाहू. थायलंडमध्ये २००० च्या सुमारास कुटुंबांचा वाटा एक तृतीयांश होता. २००२ मध्ये ‘तीस बाट’ योजना आली आणि आज तो दहा टक्क्यांच्या आसपास आहे. बांगलादेशात उलटे घडले. तिथे सरकारी खर्च तुटपुंजा राहिला, लोक औषधाच्या दुकानावर विसंबले आणि कुटुंबांचा वाटा साठच्या आसपास होता तो सत्तर टक्क्यांच्या वर गेला.

फरक कुठे पडला? थायलंडने रुग्ण भरती होण्याची वाट पाहिली नाही. जवळच्या दवाखान्यातली तपासणी आणि औषधेही योजनेत घेतली. आपल्याकडची २०१८ ची आयुष्मान भारत योजना पाच लाखांचे कवच देते, पण मुख्यतः भरती झाल्यावर. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या, रक्ताच्या तपासण्या, डॉक्टरची फी हे सगळे बाहेरच राहते. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. तरी केसपेपर फुकट आणि औषध बाहेरून आणा, असे झाले तर त्या मोफतचा उपयोग काय?

आणखी एक गोष्ट आकड्यात दिसत नाही. पैसे नाहीत म्हणून जी बाई दवाखान्यात गेलीच नाही, तिचा खर्च शून्य लिहिला जातो. तिचे दुखणे मात्र शून्य नसते.

आरोग्यावर जीडीपीच्या अडीच टक्के खर्च २०२५ पर्यंत करू, असे २०१७ च्या धोरणात सरकारनेच लिहिले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. तेव्हा मते मागायला येणाऱ्याला आपण एवढेच विचारावे : कार्ड मिळाले भाऊ, आमच्या वस्तीच्या दवाखान्यात गोळ्या कधी मिळणार?