क्रिएटिनच्या डब्यात काय आहे, ते नावानिशी सांगा

प्रति,
मुख्य कार्यकारी अधिकारी, भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, नवी दिल्ली
आणि आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

महोदय,

मी रसायनशास्त्र शिकवतो. माझ्या वर्गातली बरीच मुले पोलीस भरतीची तयारी करतात, काही तालमीत जातात, बाकीची जिमला. त्यांचा मला हमखास एक प्रश्न असतो : “सर, हा डबा ओरिजिनल आहे का?” डबा क्रिएटिनचा, म्हणजे व्यायाम करणारी मुले ताकदीसाठी घेतात त्या पावडरीचा, असतो. या प्रश्नाचे उत्तर देण्याचे साधन माझ्याकडे नाही. ते तुमच्याकडे आहे, म्हणून हे पत्र.

क्रिएटिनविरुद्ध माझी तक्रार नाही. ते आपल्या शरीरातही तयार होते आणि मटणात, मासळीत असते. किलोभर कच्च्या मटणात साधारण चार-पाच ग्रॅम, म्हणजे मुले रोज घेतात जवळपास तेवढेच. शाकाहारी मुलांच्या स्नायूंत त्याचा साठा मुळात कमी असतो, त्यामुळे त्यांना फरक अधिक जाणवतो. निरोगी माणसाला या मात्रेत अपाय होतो असे संशोधनात दिसलेले नाही, आणि खेळातील उत्तेजकांच्या बंदी यादीतही ते नाही. प्रश्न डब्यावर लिहिलेली पावडर डब्यात आहे का, एवढाच आहे.

हे ओळखायला आज मुलांच्या हाती काय आहे? होलोग्राम, खरवडून पाहायचा कोड, आयातदाराचे स्टिकर. कोड कंपनीच छापते आणि तो खरा असल्याचा निर्वाळाही कंपनीच देते. तुमचा चौदा आकडी परवाना क्रमांक धंदा नोंदलेला असल्याचे सांगतो. त्या बॅचची तपासणी झाली असे तो सांगत नाही. पण मुले तो क्रमांक पाहतात आणि सरकारने माल पास केला असे समजतात. हा गैरसमज तुम्ही कधी ठामपणे दूर केला नाहीत, याचे मला वाईट वाटते. मग पावडर पाण्यात विरघळवून पाहणे सुरू होते. क्रिएटिन गार पाण्यात सहज विरघळत नाही आणि माल्टोडेक्स्ट्रिन ही स्टार्चपासून बनणारी स्वस्त पावडर चटकन विरघळते, हे खरे. पण भेसळ करणाऱ्यालाही ते ठाऊक असते.

डब्यावर एक आणि आत दुसरेच, हे प्रोटीनच्या बाबतीत दिसलेले आहे. २०२४ साली केरळमधील यकृततज्ज्ञ डॉ. सिरियक ॲबी फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी भारतात खपणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासून निष्कर्ष ‘मेडिसिन’ या नियतकालिकात छापले. सुमारे ७० टक्के डब्यांवर प्रोटीनची माहिती चुकीची होती. सुमारे १४ टक्क्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष सापडले. हे काम डॉक्टरांना का करावे लागले?

प्रोटीनची तपासणी किचकट असते. नायट्रोजन मोजून प्रोटीन ठरवायचे, तर स्वस्त नायट्रोजनयुक्त पदार्थ मिसळून आकडा फुगवता येतो. क्रिएटिनचे तसे नाही. तो एकच रेणू आहे. मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारे एचपीएलसी यंत्र असलेली प्रयोगशाळा तो थेट मोजू शकते. सार्कोसिन आणि सायनामाइडपासून तो बनवताना हयगय झाली, तर डायसायनडायअमाइड, डायहायड्रोट्रायझिन अशी अशुद्धी मागे राहते. तीही शोधता येते. क्रिएटिनच्या गमी (चघळायच्या) गोळ्या तर आधी तपासा. ओलावा आणि आम्लता मिळाली की क्रिएटिनचे क्रिएटिनिन होत जाते, आणि स्नायूंना त्याचा काही उपयोग नाही.

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ च्या कलम ४० ने ग्राहकालाही अधिकार दिला आहे : शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून माल तपासून घ्यावा आणि माल नियमबाह्य ठरला तर शुल्क परत मिळवावे. अट अशी की, तपासणीचा इरादा विक्रेत्याला खरेदीच्या वेळीच सांगायचा. मोबाइलवरून डबा मागवणाऱ्या मुलाने तो कुणाला सांगायचा? ऑर्डर देतानाच विक्रेत्याला ही सूचना नोंदवता येईल, अशी सोय प्रत्येक ऑनलाइन बाजारावर सक्तीची करा. जिल्ह्यातला विश्लेषक कोण, शुल्क किती, नमुना कुठे द्यायचा, हे मराठीत जाहीर करा.

याच कायद्यात खोट्या लेबलाला तीन लाखांपर्यंत, निकृष्ट मालाला पाच लाखांपर्यंत आणि फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. मोठ्या विक्रेत्याला तो दंड सोसतो. नाव जाहीर होणे सोसत नाही. पण तुमच्या वार्षिक अहवालातल्या राज्यवार आकड्यांवरून कोणता डबा घ्यायचा हे मुलाला कळत नाही.

म्हणून माझी मागणी एवढीच : दुकानांतून आणि ऑनलाइन, गिऱ्हाइकासारखे, क्रिएटिनचे डबे विकत घ्या. ते तपासा. पुढच्या पोलीस भरतीच्या आत पहिली यादी कंपनीचे नाव, बॅच क्रमांक आणि सापडलेल्या क्रिएटिनचे प्रमाण यांसह प्रसिद्ध करा, आणि जे डबे खरे निघतील त्यांचीही नावे त्यात द्या.

आपला,
रसायनशास्त्राचा एक शिक्षक, कोल्हापूर