कवच आहे, पण पंधरा दिवसांचे

‘पाच लाखांचे कवच’ या पत्रात प्रोस्टेट कर्करोगाच्या रुग्णांना आता खर्चाची चिंता उरली नाही, असे म्हटले आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान कार्ड मिळू लागले, याचे स्वागतच आहे. परंतु ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. दाखल होण्यापूर्वीचे ३ आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस, एवढाच आगेमागे आधार.

हा आजार मात्र वर्षानुवर्षे चालतो. आमच्या शेजारच्या निवृत्त मास्तरांच्या फाइलीत एमआरआय आणि बायोप्सीची बिले आहेत. दोन्ही तपासण्या दाखल होण्याच्या कितीतरी आधी झाल्या. त्यानंतर ठरावीक काळाने पीएसए ही रक्तचाचणी, शिवाय तालुक्याहून शहरापर्यंतचे गाडीभाडे. हे सारे पदरचेच. पुरुषी हार्मोन रोखणारे दर तीन महिन्यांचे इंजेक्शन परवडत नाही म्हणून वृषणे काढून टाकण्याची शस्त्रक्रिया पत्करणारे रुग्णही आहेत. वैद्यकीयदृष्ट्या तो मार्ग योग्यच, पण निवड रुग्णाची हवी, खिशाची नव्हे.

कमाल रकमेचे आकडे फुगवण्यापेक्षा बाह्यरुग्ण तपासण्या आणि दीर्घकालीन औषधे योजनेत आणावीत.

– एक वाचक, सातारा