६१७४ला ‘जादुई’ म्हणू नका

दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर ६१७४ फिरून येते. ‘जादुई संख्या! शोधणारा मराठी माणूस!’ तुम्ही अंगठा दाखवता, पुढे पाठवता आणि विषय संपतो. माझे भांडण त्या संपण्याशी आहे.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे डहाणूत जन्मलेले, देवळालीतले शाळामास्तर. १९४९ मध्ये त्यांना आढळले ते असे: चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची मांडणी वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच करा. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तिथेच थांबते.

कतार स्वतंत्र झाले ते साल १९७१. ९७११ वजा ११७९, ८५३२. ८५३२ वजा २३५८, ६१७४. दोन पायऱ्यांत काम झाले. महाराष्ट्राचे १९६० घेतलेत तर पुऱ्या सात पायऱ्या लागतात. स्वतः करून बघा, शून्य मात्र गाळू नका.

यात जादू नाही, कारण आहे. अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडले की वजाबाकीचे उत्तर फक्त दोन फरकांवर ठरते: पहिल्या-चौथ्या अंकांचा फरक गुणिले ९९९, अधिक दुसऱ्या-तिसऱ्यांचा फरक गुणिले ९०. म्हणून हजारो संख्या पहिल्याच पायरीत अवघ्या ५४ उत्तरांत गोळा होतात. ती ५४ शाळकरी पोरही तपासू शकते. दोन अंकी संख्यांत असा मुक्काम नाहीच, तिथे नुसते चक्र फिरत राहते. विश्वाचे गूढ असते तर ते चार अंकांपाशी का अडले असते?

‘जादू’ म्हटले की ‘का?’ विचारायची गरज उरत नाही. दोह्यात गाड्यांच्या खास नंबरांचे लिलाव होतात, सारख्या अंकांना भाव येतो. पण कापरेकरांच्या रीतीत ७७७७ टाका, हाती शून्य येते. दिसायला साध्या ६१७४मध्ये मात्र ऐवज आहे: अंकांची बेरीज १८, आणि १८ने भागले की ३४३, म्हणजे सातचा घन. अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनीच ‘हर्षद’ नाव दिले होते.

त्यांच्या हयातीत इथल्या अनेक गणितज्ञांनी हे पोरखेळ म्हणून झटकले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिले, तेव्हा जगाने मान वळवली. आपण आज त्या झटकणाऱ्यांना नावे ठेवतो. पण अल हिलालच्या फ्लॅटमध्ये तुमची मुलगी तासभर वजाबाक्याच करत बसली, तर तुम्ही काय म्हणाल? ‘हे परीक्षेला नाही. ट्यूशनचा गृहपाठ झाला का?’ मग कापरेकरांचा अभिमान कोणत्या तोंडाने सांगायचा?

परदेशी राहून आपण मुलांना आरत्या शिकवतो, मोदक वळायला शिकवतो. हा वारसाही त्यांचाच आहे, आणि त्याला कागद-पेन्सिलीपलीकडे काही लागत नाही. येत्या शुक्रवारी फॉरवर्ड बाजूला ठेवा. मुलांसोबत बसा, तीन अंकी संख्या घ्या आणि कुठे पोचता ते पाहा. उत्तर मी सांगणार नाही. तुम्हीही मुलांना सांगू नका. फक्त विचारा, ‘असे का होत असेल?’