काळ्या घोंगडीवरचा भंडारा

सदर : पडद्यावरचं गाव

अणदूरच्या खंडोबाला गेलं की भंडारा अंगावर येतोच. पांढऱ्या सदऱ्यावर त्याचा नुसता पिवळट डाग पडतो. वाघ्याच्या काळ्या घोंगडीवर मात्र तोच भंडारा लांबून झळकतो. रंग तोच, फरक खालच्या कापडाचा. पडद्यावरच्या अक्षरांचंही तसंच.

आमच्या शेजारच्या तात्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. परवा बांधावर बसून ते एका संकेतस्थळावर अर्ज भरत होते. "काय बी दिसंना गड्या, धुकं पडल्यागत झालंय." मी डोकावलो. पांढऱ्यावर राखाडी अक्षरं, वर दुपारचं ऊन. माझे डोळे ठणठणीत, तरी मलाही वाचता येईना. कोपऱ्यात रंग बदलायचं बटण होतं म्हणे. तेही राखाडीच, मुगाएवढं.

अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक मोजता येतो. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१ ला १. साध्या मजकुराला निदान साडेचारास एक हवा, असं वेबचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. काळ्यावर झगझगीत पिवळं साडेएकोणीसच्या पुढे जातं, म्हणजे आपली घोंगडी उत्तम गुणांनी पास! आणि नेहमीच्या केशरी पट्टीवरची पांढरी अक्षरं? जेमतेम दोन. अशा पट्ट्या आपल्याला फार आवडतात.

त्यात आपली लिपी. हे गणित रंगांचं आहे. मात्रेची बारीक रेघ, अनुस्वाराचा टिपका त्यात वेगळा धरलेला नाही. एक मात्रा पुसट झाली की बैलाचा बेल होतो. म्हणून मराठी पानाने साडेचारावर समाधान मानू नये, सातापर्यंत जावं, असं माझं मत आहे.

शेतकऱ्याने पिकाची नोंद स्वतः फोनवर करायची ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. तेव्हापासून शेतकऱ्याचं हे सरकारी काम उन्हात, पिकात उभं राहून होतं. पडदे मात्र अजून पंख्याखाली बसून रंगवले जातात. डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी सांगितलं. तिथे कोपऱ्यात एक बटण चिकटवून भागायचं नाही. बटण हवंच, पण ठळक. आणि पुढचं पान उघडल्यावर निवडलेला रंग टिकणारं. त्याआधी मूळ पानच वाचता येईल असं करा.

विंडोजमधल्या ठळक रंगभेदाच्या योजना (कॉन्ट्रास्ट थीम) पानाचे रंगच बदलून टाकतात, त्याने बरंच निभावतं. तात्यांच्या हातात मात्र फोन. सूनबाईंनी सेटिंगमध्ये जाऊन रंग उलटे करून दिले. पांढरं काळं झालं, पण राखाडी अक्षरं पुसटच राहिली. तात्यांनी कॅमेरा उघडून शेताकडे धरला, तर सोयाबीन जांभळं!

"सूनबाई," तात्या म्हणाले, "ह्ये कंचं बियाणं?"

– टेहळ्या