स्तनात गाठ असेल, तर रक्ताच्या रिपोर्टवर थांबू नका

बायांनो, स्तनात गाठ हाताला लागतेय, पण ‘रक्त तपासलं, मार्कर नॉर्मल आला’ म्हणून तुम्ही निर्धास्त असाल, तर कृपा करून याच आठवड्यात डॉक्टरांना गाठा.

तपासण्यांच्या पॅकेजमध्ये सीए १५-३ नावाचा ट्यूमर मार्कर असतो. पसरलेल्या कॅन्सरवर औषध लागू पडतंय का, हे पाहायला डॉक्टर तो इतर तपासण्यांच्या जोडीने वापरतात. तिथे तो उपयोगी आहे. पण गाठ लहान असते, बरं होण्याची आशा सर्वांत जास्त असते, नेमका तेव्हा हा आकडा बहुतेकींच्या रक्तात नॉर्मलच येतो. उलट यकृताच्या आजारात, कधी स्तनातल्या साध्या गाठीतही तो वाढतो. त्याच्या भरवशावर ना निश्चिंत व्हावं, ना हाय खावी.

बीआरसीए जनुकांची तपासणीही रक्तावर होते, पण ती आनुवंशिक धोका सांगते. आज कॅन्सर आहे का, ते नाही. कॅन्सरपेशींतून रक्तात उतरणारे डीएनएचे तुकडे पकडून आजार लवकर ओळखण्याचं संशोधन जगभर चालू आहे. ते यशस्वी व्हावं, असं मला मनापासून वाटतं. तोवर तुमची गाठ वाट पाहणार नाही.

आपल्या मुंबईत काय सिद्ध झालंय, पाहा. टाटा मेमोरियलने १९९८पासून वस्त्यांमधल्या दीड लाखांवर बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. निम्म्या बायकांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातांनी तपासत. अशा चार फेऱ्या झाल्या. २०२१मध्ये निष्कर्ष आले: तपासलेल्या गटातल्या पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी! यंत्र नाही, रक्त नाही, फक्त शिकलेले हात.

गाठ दुखत नाही म्हणून सोडू नका. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. काखेत गाठ, बोंडातून रक्तासारखा स्राव, आत ओढली गेलेली कातडी दिसली तरी जा. डॉक्टर हाताने तपासतील, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी सांगतील, गरज पडली तर सुईने तुकडा काढतील. निदान त्या तुकड्यावरच पक्कं होतं. सुई लावली की कॅन्सर पसरतो, या भीतीने कितीजणी महिनोन् महिने घालवतात! ती भीती मनातून काढा.

काही त्रास नसला, तरी तिशी ओलांडलेल्या बायकांची स्तनतपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताईंना विचारा. आणि घरातल्या पुरुषांनो, एक दिवसाची रजा टाकून तिच्यासोबत जा.